गॅरेजच्या वरचं घर

माझ्या नणंदेचे यजमान जगातली कुठलीही वस्तू मोडलेली मानायला तयार नसत. "बंद आहे" म्हणायचे, "सध्या चालत नाही" म्हणायचे, फारच झालं तर "थोडी दमलीय" म्हणायचे. पण मोडली, संपली, गेली हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मी त्यांना भावोजी म्हणायची. नाशिकरोडला त्यांचं घर होतं. इतरांच्या घराखाली गॅरेज असतं, यांच्या गॅरेजवर घर होतं. प्लॉट एवढासा, आणि बांधतानाच भावोजींना मोटार घेण्याची इतकी खात्री, की त्यांनी तळमजला अख्खा मोटारीला देऊन टाकला आणि माणसांना जिना चढून वर पाठवलं. मोटार काही आली नाही. तिची वाट बघता बघता बाकी सगळं जग मात्र गॅरेजात येऊन राहिलं. शेवटी त्यांच्या स्वतःच्या स्कूटरलाही आत जागा उरेना. ती बिचारी बारा महिने दारात उभी असायची, अंगावर खताच्या गोण्या उसवून शिवलेला झगा घालून.

भावोजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते. तिथली एक पद्धत त्यांनी घरी आणली होती. एखादं मशीन कामासाठी बंद केलं की त्यावर लाल पाटी लटकवायची, आणि ज्यानं ती लटकवली त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी ती काढायची नाही. तिथे या पद्धतीनं माणसांचे जीव वाचायचे, घरी तिच्यापायी आमच्या ताईंचा जीव जायचा. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून धारदार. एकदा मी गेले तर त्या पाट्यावर चटणी वाटत बसलेल्या. शेजारी मिक्सर, त्याच्या गळ्यात लाल पाटी. मी म्हटलं, "ताई, हे काय?" तर म्हणाल्या, "मिक्सर आजारी रजेवर आहे. साहेब सही करतील तेव्हा कामावर रुजू होईल." साहेब आतल्या खोलीतून ओरडले, "कॉइल मिळत नाहीये गं!" ताई म्हणाल्या, "मला मिळालीय ना, दगडाची. सावकाश शोधा."

गॅरेजात काय नव्हतं! पात्यांशिवायचे पंखे होते आणि पंख्यांशिवायची पाती होती. काटे नसलेली घड्याळं, तारा लोंबणाऱ्या इस्त्र्या, सायकलींच्या रिमा, विहिरीतल्या मोटारींचे भाग, दिंडोरीकडून कुणीतरी आणून टाकलेला द्राक्षावर औषध मारायचा पंप, आणि नाना तऱ्हेचे स्क्रू भरलेल्या बरण्या. पुन्हा हे सगळं त्यांचं एकट्याचं नव्हतंच. गल्लीत कुणाकडे काही बिघडलं की लोक ते टाकायला न्यायचे आणि वाटेत भावोजींचं गॅरेज लागायचं. माणसं मांजराची पिल्लं दुसऱ्याच्या दारात सोडून जातात ना, अगदी तसं. भावोजी त्या वस्तूवरून हात फिरवायचे, कान लावायचे, म्हणायचे, "राहू दे. बघतो." भंगारवाला तर त्यांच्या दाराशी हातगाडी उभी करायला बिचकायचा. भावोजी त्याच्याच गाडीवरच्या वस्तू उलटसुलट करून बघायचे आणि दोनचार विकत घेऊन आत न्यायचे. तो म्हणायचा, "काका, तुमच्या दारात आलो की माझा धंदाच उलटा फिरतो."

भावोजी निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी, नवं शतक नुकतंच लागलं होतं तेव्हा, ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीवर बसवून त्यांना जिन्यानं वर नेलं, आणि नेलं ते नेलंच. जिना अरुंद आणि उभा. ज्या बाईचा निम्मा दिवस फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेण्यात जायचा, तिच्या वाट्याला आता खिडकीतून दिसणारा विजेचा खांब आणि समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आली. वाऱ्याबरोबर वीज केंद्राच्या धुराड्यांची राख यायची आणि खिडकीच्या कठड्यावर तिचा पातळ थर बसायचा. ताई त्यात डाव्या हाताच्या बोटानं रेघा ओढत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, मला खाली न्या. गॅरेज रिकामं करा, तिथे माझी खाट टाका आणि शटर उघडं ठेवा. मला माणसं बघायचीयत. ही टाकी बघून बघून मी पण टाकीसारखीच व्हायला लागलेय."

एवढंच मागणं होतं. भावोजी लगेच म्हणाले, "करू की!" आणि मी पदर खोचला.

आता त्या वेळची मी कशी होते ते सांगायलाच हवं, कारण माझी नात समजते की आजी जन्मजात शहाणी. मी पन्नाशीला टेकले होते आणि आवराआवरीत आपला हात धरणारं नाशिक जिल्ह्यात कुणी नाही अशी माझी ठाम समजूत होती. माझ्या स्वयंपाकघरातले डबे वर्णमालेच्या क्रमानं लावलेले. चहा 'च'मध्ये वरच्या फळीवर, साखर 'स'मध्ये पार खाली. माझा नवरा चहा करायचा म्हणजे आधी स्टुलावर चढायचा, मग उकिडवा बसायचा. म्हणायचा, "तुझ्या हातचा चहा पिऊन ताजंतवानं व्हायला होतं, माझ्या हातचा करेपर्यंत व्यायाम होतो." अशी ही तज्ज्ञ बाई एका रविवारी नाकाला रुमाल बांधून त्या गॅरेजात शिरली आणि खडूनं जमिनीवर तीन चौकोन आखले. एक ठेवायचं, एक देऊन टाकायचं, एक भंगार. भावोजी कौतुकानं म्हणाले, "वा वहिनी, तुम्ही प्लांटमध्ये हव्या होतात." मी फुगले. संध्याकाळी पाहते तो 'ठेवायचं'चा ढीग फाटकाबाहेर रस्त्यावर गेलेला, 'देऊन टाकायचं'मध्ये कान तुटलेला एक कप, आणि भंगाराच्या चौकोनात काय, तर माझी चप्पल! आवरताना अंगठा तुटला म्हणून मीच वैतागून भिरकावली होती. भावोजींनी तीही उचलली. "वहिनी, दोन टाके घातले की चालेल," म्हणाले आणि खिळ्याला अडकवून ठेवली. मी अनवाणी रिक्षात बसून घरी आले. वर मांडीवर एक जुना टेबल लॅम्प होता. तो मी का घेतला, कुणी दिला, मला आजतागायत आठवत नाही.

खरी अडचण भावोजींच्या हटवादी नियमात होती. वस्तू द्यायला ते नाही म्हणत नव्हते. पण कुठलीही वस्तू चालू केल्याशिवाय घराबाहेर काढायची नाही! "न चालणारी गोष्ट दुसऱ्याला देणं म्हणजे आजाऱ्याला दाराबाहेर काढणं," म्हणायचे. मग एकेक वस्तू घेऊन बसायचे. उघडायची, पुसायची, जोडायची, चालवून बघायची. एखादा पंखा गरगर फिरायला लागला की वर ताईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "झाला गं हा!" वरून ताई काठी जमिनीवर ठोकायच्या. म्हणजे 'कळलं'. मग तो पंखा एकलहऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीत कुणाकडे जायचा, कधी चांदवडहून आलेल्या पाहुण्याच्या हाती लागायचा. भावोजी त्याला निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत जायचे. परत यायचे तोवर त्या रिकाम्या जागेवर शेजारच्या कुणीतरी आपला रेडिओ आणून ठेवलेला असायचा.

उन्हाळा गेला. पावसाळ्यात गॅरेजच्या भिंतींना ओल आली, लोखंडाला गंज चढला, म्हणजे झालेलं काम पुन्हा करावं लागलं. ताई वाळत चालल्या होत्या. पूर्वी काठीचे ठोके जोरात यायचे, आता कान देऊन ऐकावे लागत. मी दर आठवड्याला जायची, आणि त्या दर आठवड्याला विचारायच्या, "काय गं, खालचा जमिनीचा रंग तरी दिसायला लागला का?" मी काहीतरी थाप मारायची. एकदा म्हणाल्या, "खोटं बोलताना तू नाक खाजवतेस. शाळेत असं करणारी मुलं मी पहिल्या बाकावर बसवायची." मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी खाली जाईन तेव्हा निदान डोळे उघडे असावेत, एवढंच बघा."

ते ऐकलं आणि मी तरातरा जिना उतरून खाली गेले. भावोजी एका इस्त्रीचं पोट उघडून बसले होते. मी म्हटलं, "भावोजी, पुरे झालं आता. ताईंच्या हातात किती दिवस आहेत ते तुम्हाला दिसत नाही का? ही इस्त्री महत्त्वाची का ताई?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, खाली खोली केली की काय होईल?"

"काय होईल म्हणजे? ताई खाली येतील."

"खाली येईल. आणि जिना?"

"जिन्याचं काय?"

"खाली खाट टाकली म्हणजे जिना ती परत चढणार नाही, हे मी ठरवूनच टाकलं ना." इस्त्रीकडे बघत म्हणाले, "डॉक्टर बोलले ते बोलले. मी कसं ठरवू?"

मला सगळ्याचं उत्तर यायचं. प्रत्येक डब्याला माझ्याकडे एक अक्षर होतं. आता मात्र मी नुसती उभी राहिले, खडूनं आखलेल्या, कधीच पुसट झालेल्या त्या चौकोनात.

वरून ताईंचा आवाज आला. त्यांची खाट जिन्याच्या दारालगत होती. आजारानं शब्द जरा ओढल्यासारखे यायचे, पण तिखटपणा तसाच. "अहो, ऐकू येतंय मला. पाय गेलाय माझा, कान नाही."

भावोजी उठून जिन्याच्या पायथ्याशी गेले. वर बघत उभे राहिले.

"मला दुरुस्त करू नका," ताई म्हणाल्या. "मला नुसतं खाली न्या."

मग भावोजींनी विचारलं, "उद्या सुरुवात करू?"

"उद्या कशाला? भंगारवाला आत्ता गल्लीत आहे. मला त्याची हाळी ऐकू आलीय."

भावोजी पायात काही न घालता रस्त्यावर गेले आणि त्याला घेऊन आले. त्या दुपारी हातगाडीच्या किती खेपा झाल्या कोण जाणे. एकही वस्तू चालवून बघितली नाही. फक्त प्रत्येक वस्तू गाडीवर चढवण्याआधी ते फडक्यानं पुसायचे. भंगारवाला म्हणाला, "काका, वितळवायलाच जाणार आहे सगळं, पुसता कशाला?" भावोजी म्हणाले, "असू दे." तो जरा थांबून म्हणाला, "नंतर परत मागायला याल हो." भावोजींनी नाही म्हणून मान हलवली. शेवटची खेप गेली तेव्हा गॅरेज इतकं मोठं दिसायला लागलं की आम्हा दोघांना त्यात कुठे उभं राहावं तेच कळेना.

भिंतींना चुना दिला, मागच्या कोपऱ्यात संडास बांधून घेतला, खाट लावली. ताईंना खाली आणलं त्या दिवशी शेजारच्यांनी खुर्ची धरली होती. भावोजी पुढे उलट्या पावलांनी जिना उतरत होते, ताईंचा निर्जीव पाय दोन्ही हातांत धरून, भिंतीला लागू नये म्हणून. ताई म्हणाल्या, "जपून. तुम्ही पडलात तर आपल्या दोघांना धरायला माणसं कमी पडतील."

ताईंना खाली एकच हिवाळा मिळाला. पण काय हिवाळा होता तो! सकाळी शटर वर गेलं की दरबार भरायचा. मळेकरी बायका भाजीच्या पाट्या उतरवून तिथेच टेकायच्या. ताई मेथीच्या जुड्या डाव्या हातानं तोलून म्हणायच्या, "ही जुडी आहे का वेणी?" जुने विद्यार्थी यायचे, टक्कल पडलेले, आणि ताई त्यांना त्यांच्या सातवीतल्या चुका सांगायच्या. होळीच्या सुमारास त्या गेल्या. डोळे रस्त्याकडेच होते.

त्या हिवाळ्यातली एक दुपार माझ्या मनात राहून गेली आहे. ऊन शटरमधून आत येऊन ताईंच्या पांघरुणावर पडलं होतं. भावोजी खाटेजवळ स्टुलावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे उघडून बसायला काही नव्हतं. हात मांडीवर, आणि बोटं हवेतल्या हवेत फिरत होती, कुठला तरी स्क्रू आवळल्यासारखी. ताईंनी बराच वेळ ते पाहिलं.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"मग काही नाही तेसुद्धा नीट करा. इकडे सरका."

भावोजींनी स्टूल सरकवलं. ताईंनी आपला चांगला हात त्यांच्या बोटांवर ठेवला. बोटं फिरायची थांबली. मी भाजीची पिशवी उचलली आणि उगाचच बाहेर जाऊन उभी राहिले. रस्ता रिकामा होता, राख अगदी बारीक पडत होती.