कुमुद नावाचं फोल्डर

सुनंदाच्या अंत्यविधीच्या दिवशी मी फ्यूनरल होमच्या दाराशी उभा होतो. शुगर लँड या आमच्या टेक्सासमधल्या गावातली ओळखीची मंडळी येत होती, माझा हात हातात घेत होती, आत जाऊन बसत होती. तेवढ्यात दोन अमेरिकन बायका आल्या. एकीच्या हातात मुलांनी रंगवलेला मोठा पुठ्ठा होता. तिने हळूच विचारलं, "इज धिस फॉर कूमूड?" हे कुठल्या देशाचं नाव, मला कळेना. शेजारच्या हॉलमध्येही त्या दिवशी कुणासाठी तरी प्रार्थना होती. मी अदबीने तिकडे बोट दाखवलं. "नेक्स्ट डोअर, आय थिंक." त्यांनी माझे आभार मानले आणि त्या शेजारी निघून गेल्या. बायकोच्या बाबतीत माझ्या हातून झालेली ही शेवटची चूक. पहिली लग्नाच्या दिवशीच झाली होती. दोन्ही चुका एकाच नावाच्या आहेत, आणि त्या मला कशा उमगल्या ते आता लिहून टाकायला हवं.

लग्नाआधी ती कुमुद होती. माझ्या थोरल्या वहिनीही कुमुदच. "एका घरात दोन कुमुद कशाला? एकीला हाक मारली की दोघी धावतील," असं आई म्हणाली, आणि मी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं. नाव मीच शोधलं होतं. त्याचं मला कौतुकही होतं. तिला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. पुढच्याच वर्षी आम्ही इकडे अमेरिकेत आलो. वहिनी नागपुरात राहिल्या. या गावात दुसरी कुमुद नव्हतीच, म्हणजे तिचं नाव तिला परत द्यायला काही आडकाठी नव्हती. मला सुचलं नाही, एवढंच म्हणून मी सुटलो असतो; पण तसंही नाही. नागरिकत्वाचा अर्ज भरताना ती म्हणाली होती, "अहो, यातच नाव बदलून मिळतं म्हणे." मी मान वर न करता म्हणालो, "कशाला? बँक, लायसन्स, सगळीकडे घोळ होईल." "बरं," म्हणून ती पोळ्या लाटायला गेली. कुठलं नाव घ्यायचंय, हेही मी विचारलं नाही. माहेरी ती सगळ्यांत मोठी, त्यामुळे भावंडांची ताई. आईवडील गेल्यावर तिला कुमुद म्हणणारं जगात कुणी उरलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

यावरून कुणी तिला दुःखी समजू नये. तशी ती नव्हती. टेक्सासच्या उकाड्यात मागच्या अंगणात टोमॅटो लावायची, ते करपले की स्वतःलाच हसायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावायची. मी तेल कंपनीत कंट्रोल इंजिनिअर होतो, त्यामुळे घरातल्या एकुलत्या कॉम्प्युटरचा बॅकअप दर रविवारी न चुकता घेत असे. त्यावर तिची थट्टा ठरलेली. "माझाही बॅकअप ठेवलाय का हो कुठे? ठेवलाच तर भाकरी नीट जमणारी ठेवा." त्या कॉम्प्युटरवर आमची दोन खाती होती, माझं आणि तिचं. सुरू केला की पडद्यावर दोन गोल यायचे, एकाखाली माझं नाव, दुसऱ्याखाली सुनंदा. तिच्या खात्यात मी कधी डोकावलो नाही. हा सभ्यपणा होता असं मी समजत होतो... आता वाटतं, कुतूहलच नव्हतं.

ती गेली आणि पाठोपाठ वादळात वीज जाऊन-येऊन तो कॉम्प्युटरही बंद पडला. नवा आणला. त्यावर पुन्हा दोन खाती उघडली. एकाच खात्यात सगळं ओतता आलं असतं, पण तिचं सामान माझ्या सामानात मिसळायला मन घेईना. बॅकअपची डिस्क जोडली. माझ्या फायली आल्या. सुनंदाच्या म्हणून शोधल्या, तर काही नाही. दोनदा, तीनदा शोधलं. इतक्या रविवारी मी नेमका कशाचा बॅकअप घेत होतो? शेवटी डिस्क उघडून एकेक फोल्डर पाहायला लागलो. एक माझं. दुसऱ्यावर रोमन अक्षरांत काहीतरी होतं. मी ते त्या अमेरिकन बाईसारखंच वाचलं, कूमूड... आणि मग पुन्हा, सावकाश: कुमुद. त्या दोघी हिच्यासाठीच आल्या होत्या.

ओहायोतल्या डब्लिनला आमची मुलगी अनू राहते. तिला फोन केला.

"बाबा, ते आईचंच आहे," ती म्हणाली. "मी थँक्सगिव्हिंगला आले होते ना, तेव्हा सेट केलं. विचारलं, नाव काय टाकू? ती म्हणाली, कुमुद टाक. मग पाच मिनिटांनी म्हणते, अगं बदल, बाबांना उगीच वाटेल. सो आय चेंज्ड द डिस्प्ले नेम. बट द फोल्डर डझंट चेंज. यू नो दॅट."

ते मला ठाऊक होतं. खात्याचं बाहेरचं नाव कितीही बदला, आतलं फोल्डर पहिल्या दिवशीच्या नावानेच राहतं.

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस, बाबा?"

फोल्डर उघडायला गेलो तर परवानगी नाही. फायली ज्या खात्याच्या, ते खातं नव्या मशीनवर नव्हतंच. यावर उपाय सोपा आहे. मशीनचा मुख्य वापरकर्ता मी. मालकी स्वतःकडे घ्यायची, की सगळं उघडतं. बटणावर बाण नेला आणि थांबलो. हे मी एकदा केलं होतं, तांदळाच्या ताटात. मग आधी उघडलेलं सुनंदाचं रिकामं खातं काढून टाकलं, कुमुद नावाचं नवं खातं तयार केलं, फोल्डरची मालकी त्या नावावर केली आणि फायली तिकडे उतरवल्या. पडद्यावरून एकेक नाव सरकत गेलं. गुपित असं काहीच निघालं नाही. टोमॅटोचे फोटो, करपलेल्यांचेसुद्धा. आणि लहान मुलांना सांगायच्या गोष्टी, तिच्या सरळसाध्या इंग्रजीत, प्रत्येकीच्या खाली 'मिस कुमुद, लायब्ररी'.

दर शनिवारी मी तिला लायब्ररीच्या दारात सोडत असे आणि न्यायला जात असे. ती पुस्तकं बदलायला जाते असं वाटायचं. आत मी कधी गेलोच नाही.

या शनिवारी गेलो. काउंटरवर तीच पुठ्ठावाली बाई होती, डोना. मी म्हणालो, "मी कुमुदचा नवरा." हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारत होतो. आधी माफी मागितली. ती हसायलाच लागली. शेजारच्या हॉलमध्ये त्या दोघी कुणा म्हाताऱ्या फायरमनच्या प्रार्थनेला शेवटपर्यंत बसल्या होत्या. "फोटो त्याचा दिसल्यावर चूक कळली, पण मध्येच उठायचं कसं? त्याच्यासाठीही रडून घेतलं." मग सांगत राहिली, हत्तीचा आवाज कुमुद कसा काढायची, मुलं हसून कशी लोळायची. हत्तीचा आवाज? आमच्या घरात तो मी कधी ऐकला नाही. जरा हेवा वाटला, पण फार बरंही वाटलं. तिला तिच्या नावाने हाका मारणारी इतकी माणसं होती, आणि तीही घरापासून दहा मिनिटांवर. निघताना डोनाने तो पुठ्ठा माझ्या हातात दिला.

आता तो कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीवर आहे. एक हत्ती, एक लाल टोमॅटो, आणि वाकड्या अक्षरांत तिचं नाव. रविवारी मी अजूनही बॅकअप घेतो, दोन्ही खात्यांचा. तिच्या खात्यात नवीन काही नसतं, तरी घेतो. सुरू करताना पडद्यावर दोन गोल येतात, आणि कुठलं उघडू असं मशीन विचारतं. माझ्या खात्यात जाण्याआधी मी दुसरं नाव मोठ्याने वाचतो, नीट, मराठीत. एका घरात दोन कुमुद कशाला, असं आई म्हणाली होती. एक आहे आता.