एक्केचाळिसावं नाव

हेडक्लार्कांनी दोन्ही याद्या माझ्या तोंडावर फेकल्या. शाळेच्या ऑफिसात पाच माणसं होती. पाचही हसली. हेडक्लार्क म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात कोट घालून बसणारा माणूस.

"राखीव जागेवरून कारकून झालास ना? मग डोकं चालवू नकोस. नावापुढे गुण लिही. एवढंच."

काम साधं होतं. एका यादीत नववीच्या मुलींची नावं. दुसरीत गणिताचे गुण, नावांशिवाय. याला ते गोपनीयता म्हणत, आणि म्हणताना मान ताठ करत. पहिल्या नावाला पहिला आकडा, दुसऱ्याला दुसरा, असं खालपर्यंत. पण नावं एक्केचाळीस होती आणि आकडे चाळीस. बारावी मुलगी आजारी होती, पेपरला आलीच नव्हती. तपासणाऱ्याने तिची जागा रिकामी सोडली नव्हती. म्हणजे तिथून खाली प्रत्येकीला पुढचीचे गुण. हेच सांगायला मी गेलो होतो.

गप्प बसून लिहिलं. न आलेल्या मुलीला अठ्ठावन्न गुण मिळाले. शेवटच्या नावाला आकडा उरला नाही. तिथे मी माझ्या हाताने 'गैरहजर' लिहिलं.

फीमाफीवाल्या मुलींची नावं सगळ्यांच्या खाली लिहायची, अशी त्या शाळेची रीत. शेवटची पोरगी आमच्याच वस्तीतली. तिच्या आणि माझ्या बापाने एकाच दिवशी दीक्षा घेतलेली.

निकालाच्या दिवशी ती खिडकीशी आली.

"भाऊ, मी तं पेपराले बसली होती. गैरहजर काहून लिहिलं जी?"

हेडक्लार्क बघत होते.

"मले काय विचारते वं? वरून आलं तसं लिहिलं," मी म्हणालो.

नापास, म्हणून फीमाफी गेली. तिची शाळाच सुटली. जूनमध्ये ती लकडगंजात मजुरीवर धान्य निवडताना दिसली. तिने मान वर केली नाही. अपमान माझा झाला होता, शिक्षा तिला. आणि लिहिणारा हात माझा.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर सगळं लिहिलेला कागद ठेवला. हेडक्लार्क तिथेच होते.

"तिचे एकाहत्तर गुण वरच्या नावाला गेलेत. मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. आधी माझी चूक नोंदवा, मग मला गप्प कोणी केलं ते."

"जाहीर झालेला निकाल बदलत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "नोकरीचा विचार कर."

"केला. बरेच दिवस तेवढाच केला."

त्यांनी कागद परत ढकलला. मी उचलला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत देईन. तिथे नाही घेतला तर पुन्हा देईन. तो 'गैरहजर' शब्द मी लिहिलाय, मीच खोडायला लावीन. तिने मला माफ करावं म्हणून नाही. तिने करूही नये.