एका सुताचा फरक

माझ्या बायकोच्या मामांइतका खुर्चीच्या पायांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा झाला नसेल. गिरणीत फिटर म्हणून हयात गेलेली. कुणाकडेही गेले की मामा आधी खुर्ची उलटी करत, नळ्यांच्या टोकांची प्लास्टिकची टोपणं चाचपत आणि मगच यजमानांना नमस्कार करत. सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी मापं घ्यायचा व्हर्नियर. दुकानदाराने नुसतं "एक इंची टोपण ना?" विचारलं की उसळायचे. "कुठून एक इंच? वरून चढवायचं तर नळीचं बाहेरचं माप, आत ठोकायचं तर आतलं! पत्र्याची जाडी काय तुझा बाप मोजणार?" मागे खोळंबलेली गिऱ्हाइकंही मग मामांचीच बाजू घेत.

त्यांच्या मुलीला बोरिवलीचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं घर बघायला मीही गेलो होतो. नव्या रंगीत टीव्हीचं कौतुक चाललेलं, तेवढ्यात मुलाची आजी वॉकर सरकवत बाहेर आली आणि दाराशीच लटपटली. मामा पोहे टाकून धावले. आजींना कोचावर बसवलं, वॉकर आडवा पाडला आणि सरळ फरशीवर मांडी घातली.

"अहो, सोयरीक जुळवायला आलोय ना आपण!" मामी कुजबुजल्या.

"नळी सात सूत आणि टोपण एक इंची, म्हणजे आठ सूत! एका सुताची फट, त्यात चिंध्या कोंबल्यात. म्हातारं माणूस पडेल ना!"

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. चिंध्या त्यांनीच कोंबल्या होत्या. मामा मात्र तडक बाजारात गेले, तासाभराने चार टोपणं आणली, गरम पाण्यात मऊ करून चढवली. आजी एकट्या गॅलरीपर्यंत जाऊन आल्या.

आठ दिवसांनी नकार आला. मामी खूप रडल्या. मुलीला पुढे चेंबूरला चांगलं घर मिळालं, पण मामा दर वर्षी दोन बस बदलून बोरिवलीला जातच राहिले. टोपणं झिजतात म्हणून.

"लाज नाही वाटत त्यांच्या दारात जायला?" मामी विचारायच्या.

"नकार मुलाच्या बापाने दिला. आजींनी नाही."

तिसऱ्या वर्षी मामा तिथून थेट आमच्याकडे आले. नव्या टोपणांची पुडी तशीच हातात. आजी महिन्यापूर्वीच गेल्या होत्या. मी चहा पुढे केला, तो निवला.

"जावईबापू," हातातली पुडी चाचपत ते म्हणाले, "त्या घरात एकट्या त्याच मला व्याही म्हणायच्या हो."