काविळीची माळ

खर्ड्याचा एक शेतकरी गेल्या उन्हाळ्यात काविळीने वारला. आठवडाभर आधी तो आणि मी जामखेडच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसलो होतो. डोळे पिवळेधमक, गळ्यात वैदूने घातलेली वनस्पतीच्या काड्यांची माळ. तिचे टोक कुठवर आले, हे तो सारखे बोटाने चाचपून बघायचा.

डॉक्टर रिपोर्ट घेऊन बाहेर आले. "लिव्हरच्या तपासण्या फार बिघडल्यात. रक्तही नीट गोठत नाही. आजच नगरला जा."

"सायेब, माळ गळ्याशी हुती, आता छातीवर आली. बेंबीला टेकली की कावीळ गेली."

"काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, माळ आपोआप लांबते. कावीळ वाढतेय."

"अवं, ऐका की त्यांचं," शेजारी उभी असलेली त्याची बायको म्हणाली.

"तू गप. कागदापरीस माळ खरी."

महिन्याने ती त्याच बाकावर भेटली. तो गेला त्या सकाळी माळ बेंबीला टेकली होती, असे तिने सांगितले.