चाकणचं धनुष्य आणि तीन रेघा

शिफ्ट सुटली की मी मोबाईलवर जुन्या वस्तू बघत बसतो. घ्यायचं काही नसतं. पण त्या दिवशी लाकडी मुठीचं, फायबरच्या पात्यांचं एक धनुष्य दिसलं आणि बारावीत सुटलेली धनुर्विद्या एकदम खांद्यात जागी झाली. विकणारे चाकणच्या पुढचे. ठरलं, रविवारी निघायचं.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी सातला निघा. मी पिंपरी कॅम्पात हेडफोन बघत रमलो आणि तिथेच दहा वाजवले. भोसरीहून बस. मोशीनंतर कंटेनरच्या रांगा, आणि चाकण चौकात तर बस चालतेय की उभी आहे तेच कळत नाही. उतरून मिसळ खाल्ली (भारी, पण दुसरा रस्सा मागण्याआधी पाणी मागा), मग शेअर रिक्षाने गावात.

विकणारे काका सत्तरीचे, कंपनीतून निवृत्त. एकेकाळी कंपनीच्या संघातून तिरंदाजी केलेली, पुढे उजवा खांदा गेला.

"आधी टोकाकडून बघ," ते म्हणाले. "दोन्ही टोकं एका रेषेत हायेत का? कोपऱ्यात टेकवून ठेवलं की पीळ पडतो. आमी दोरी उतरवून आडवं टांगलंय."

पीळ नव्हता, चीर नव्हती. फक्त वार्निश पार उडालेलं. तीन हजारांचे दोन हजार झाले.

"आता दोन गोष्टी ऐक. बाण न लावता दोरी ओढून सोडू नको, पाती फुटतील. आन् दुसरं..."

तेवढ्यात अंगणात दोन कोंबड्यांची जुंपली आणि मी व्हिडिओ काढायला धावलो. मागून काका बोलत होते. मी "हो हो" म्हणत होतो.

"नीट झालं की आणून दाखव," निघताना ते म्हणाले. "बाण मारायचा न्हाई, नुसतं नेम धरल्यागत धरीन."

भोसरीत माझा मित्र पप्पू गाड्यांना रंग मारतो. "भावा, शोरूम पीस करून देतो!" दोन रविवार आम्ही सँडपेपर घासला. मध्येच तो थांबला. "मुठीच्या आतल्या बाजूला तीन ओरखडे आहेत बघ. राहू देऊ?"

"घास ना राव. ओरखडे कशाला ठेवायचे?"

वर लॅकरचे दोन हात. आरशासारखं झालं. पुन्हा भोसरी, मोशी, चाकण. ह्या वेळी मी कुठेही रेंगाळलो नाही. काकांचा चेहरा बघायचा होता.

त्यांनी धनुष्य घेऊन उन्हाकडे वळवलं. अंगठा मुठीच्या आतल्या बाजूवरून फिरवला. परत फिरवला.

"रेघा?"

"ओरखडे होते काका, काढून टाकले."

"ओरखडे न्हाई रे. तीस मीटर, चाळीस, पन्नास. आमची मंडळी मागं उभी राहायची. बाण बरोबर बसला की मला निशाण मुठीच्या ज्या जागेवरनं दिसलं तिथं, मी दाखवीन तशी, साडीच्या पिनेनं रेघ मारायची. आकडे येत न्हवते तिला." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला बोललो हुतो."

मला कोंबड्या आठवल्या.

"तिच्या हातचं लिहिलेलं घरात तेवढंच हुतं."

"मग विकलंत कशाला काका?"

"टांगून काय उपयोग? वाटलं, कुनीतरी त्या रेघांवर धरून मारील."

"हे ठेवून घ्या. पैसे नकोत मला."

त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं. "न्हाई. आता ते तुझंच झालं." मग चहा आला. नेम धरून बघायचं त्यांनी नाव काढलं नाही.

तर जुनं धनुष्य घ्यायला जाल तेव्हा पीळ बघा, चीर बघा, आणि विकणारा बोलत असताना मोबाईल खिशात ठेवा. प्रत्येक ओरखडा कुणाचा ते विचारल्याशिवाय सँडपेपरला हात लावू नका.

वाकडच्या माझ्या खोलीत ते भिंतीवर आडवं टांगलंय, दोरी उतरवून. सरावाला नेतो तेव्हा तीस मीटरवरही माझे बाण निशाणाच्या वरून जातात. स्वतःच्या रेघा मारायला हव्यात, पण पिन हातात घेऊन नुसताच बसतो. खोलीवर येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून म्हणतो, "अरे वा, नवीन घेतलंस?"

मी हो म्हणतो.