बाजार पाडला तरी बाई फिरतच होती

सुरुवातीलाच सांगून टाकते – आमच्या घरात भुताखेतांना कधी जागा नव्हती. दोन खोल्या, पुढे अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि माणसं पाच... भुतानं राहायचं कुठे? मी स्वतः फिजिक्सवाली. कुणाच्या अंगात आलं की 'आधी ताप बघा' म्हणणारी. या सदरातले अनुभव मी वाचते ते खरं तर हसायला. म्हणून मला कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय, आणि यात माझी एक चूकसुद्धा आहे, जी मी दीड वर्ष लपवून ठेवली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

१९९९ चा डिसेंबर. जळोची तेव्हा बारामतीच्या कडेचं गाव होतं, अर्धी शेतं आणि अर्धे प्लॉट. माझं बी.एस्सी. झालं होतं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुण्याहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणून दिला होता. त्यावर मी कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट टाइप करून द्यायचे. काम नसलं की दुपारी गेम. मावसभावानं एक सीडी दिली होती – जुन्या रोमन काळातलं शहर बांधायचं. आपण वरून बघतोय असं दिसायचं. रस्ता टाकायचा, घरांना जागा द्यायची, विहीर, बाजार, देऊळ, वैद्य, सगळं आपण बसवायचं. मग छोटी छोटी माणसं त्या रस्त्यांवरून चालायला लागायची.

त्या गेमची गंमत एवढीच की घर आपोआप वाढत नाही. बाजारातली बाई टोपली घेऊन दारावरून गेली पाहिजे, वैद्य गेला पाहिजे, पुजारी गेला पाहिजे. ज्या घरावरून कुणीच जात नाही ते घर काही दिवसांनी मोडतं आणि आतली माणसं हातगाडीवर सामान टाकून चालू लागतात. मला हे फार पटायचं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? येण्याजाण्यावरच घर टिकतं.

आता आत्याबद्दल. अण्णांची थोरली बहीण, आम्ही तिला आत्या म्हणायचो आणि अण्णा आक्का म्हणायचे. लहानपणी दोघं मेंढरांमागं चालून कोकणापर्यंत जाऊन आलेली. आत्याला मूलबाळ नव्हतं, मामा, म्हणजे तिचे यजमान, वारल्यावर ती एकटीच वस्तीवर राहायची – इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या अलीकडे डांबरी सोडून तीन किलोमीटर आत, नीरा नदीच्या अंगाला. चारी बाजूंनी ऊस. वाटेकऱ्याचं बिऱ्हाड शेजारी होतं, तेवढीच सोबत. बाई मोठी खमकी. मेंढरं राखलेली नजर. पार लांबून नुसत्या चालीवरून माणूस ओळखायची. उगाच काही दिसणाऱ्यांतली ती नव्हती, हे लक्षात ठेवा.

शोभाताईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात सगळं बिनसलं. पत्रिकेत आत्याचं नावच छापलं गेलं नाही. भावकीतल्या, एरवी तोंड न बघणाऱ्या चुलत्यांचीसुद्धा नावं होती, पण सख्ख्या आत्याचं नव्हतं. प्रेसला द्यायची यादी मी लिहिली होती. माझं अक्षर चांगलं ना... पान उलटताना एक ओळ राहिली, बस. अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी लिहिलं होतं, प्रेसवाल्यानं गाळलं." अण्णांनी तेच आत्याला ठामपणे सांगितलं. आत्या प्रेसमध्ये गेली, कागद काढायला लावला, कुणाकडून तरी वाचून घेतला. नाव नव्हतंच. ती भर मांडवात अण्णांना म्हणाली, "ज्ञानू, तू माझ्याशी खोटं बोललास." आणि जेवण न करता निघून गेली.

अण्णा आयुष्यात कुणाशी खोटं बोलले नव्हते. तो शब्द त्यांना लागला तो लागलाच. "मला खोटा म्हणली. आता तिनंच यावं." दीड वर्ष झालं, ना ती आली ना हे गेले. आणि मी गप्प. सगळं कळत होतं आणि रोज वाटायचं, आज सांगू... उद्या सांगू.

तर त्या डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, मी गेममध्ये नवीन नकाशा उघडला. कडेला नदी होती. मुख्य शहर सोडून लांब, नदीकाठी एक घर टाकायचं मनात आलं. का, ते विचारू नका, सहज. रस्ता नेला. मध्ये खडक आला म्हणून वळवला. घर टाकलं, त्याच्या पुढे दोन झाडं. एक झोपडी उभी राहिली. तिच्यावर क्लिक केलं की एक चौकट उघडायची, त्यात किती माणसं राहतात ते यायचं. आलं – एक. मला जरा नवल वाटलं, कारण त्या गेममध्ये झोपडीत चार-पाच तरी माणसं येतातच. एक कधी बघितलं नव्हतं.

चौकटीत खाली लिहून यायचं की या घरावरून फार दिवसांत कुणी गेलेलं नाही. मग मी खडकाजवळ एक बाजार बसवला. बाजारातली बाई टोपली घेऊन निघाली, दारावरून गेली, दोन झाडांपर्यंत जाऊन माघारी वळली. एवढ्यात लाइट जायची वेळ झाली म्हणून गेम सेव्ह करून मी उठले.

बुधवारी बघितलं तर त्या बाजारात धान्यच पोचत नव्हतं, गोदाम फार लांब पडत होतं. म्हटलं कशाला ठेवायचा, आणि पाडून टाकला. बाजार पाडला की त्यातली माणसंही नाहीशी होतात, हा नियम आहे. शंभर वेळा केलेली गोष्ट. पण ती बाई राहिली. खडक, दार, दोन झाडं... वळायची... पुन्हा दार, पुन्हा खडक. मी म्हटलं सीडी कॉपी केलेली आहे, बिघडली असेल. कुठल्याही माणसावर क्लिक केलं की ते काहीतरी बोलतं – शहर छान आहे, भूक लागली आहे, असलं. तिच्यावर क्लिक केलं तर चौकट उघडली, पण आत एक अक्षर नव्हतं. स्पीकरमधून नुसती खरखर आली. मी दोनतीन वेळा करून बघितलं आणि नंतर मला ते करवेना.

गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर पुन्हा लावलं. ती होतीच. दारापाशी आली की क्षणभर थांबायची, असं मला वाटलं. या गेममध्ये कुणी थांबत नाही. मला उठवतही नव्हतं. मी बघतच बसले.

अण्णा चहाला आत आले. त्यांनी तो गेम कधी पाहिला नव्हता. कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्या लेखी टाइपरायटरचा श्रीमंत भाऊ. कप हातात घेऊन पडद्याकडे बघत म्हणाले, "आक्काची वस्ती काढली व्हय गं?"

"कुठं?"

"ही काय. हितं खडकापाशी वळण, ही दोन बाभळी, दार नदीकडं. ब्येस काढलीय." मग जरा वाकून म्हणाले, "ही बाई कोण?"

मी पुन्हा बघितलं. खरंच होतं. मी लहानपणापासून शंभरदा त्या वाटेनं गेले होते, आणि हातानं तीच वाट पडद्यावर टाकली होती. यात अमानवीय काही नाही, मन असंच काम करतं, हे मलाही कळतं. पण मी झोपडीवर क्लिक केलं. एक माणूस, ते होतंच. आणि खाली नवीन ओळ आली होती, की या घरातलं माणूस आता जायच्या तयारीत आहे.

मी म्हटलं, "अण्णा, आत्ताच्या आत्ता आत्याकडे जाऊ."

"मी न्हाय येणार. तिला यायचं तर रस्ता हाय."

"अण्णा, चला."

"सुमे, तिनं मला मांडवात खोटा म्हणलंय. ज्यानं पाप केलं न्हाय त्यानं का वाकायचं?"

तेव्हा मी सांगितलं. उभ्याउभ्याच. यादीत नाव मीच गाळलं होतं, पान उलटताना राहिलं, आणि नंतर घाबरून तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही खरे होता, आणि आत्याही खरीच होती. मी रडत नव्हते; रडायलाही सुचत नव्हतं. मला वाटलं, आता अण्णा हात उगारतील. त्यांनी कप खाली ठेवला, खुंटीवरची चावी घेतली आणि म्हणाले, "बस गाडीवर."

उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरला होता आणि प्रत्येक गाडीमागे थांबताना मला वाटायचं, आपण उशीर करतोय. डांबरी सोडली. खडकाचं वळण आलं. वाटेकऱ्याच्या घराला कुलूप होतं. सासऱ्याकडे लग्नाला गेला होता असं नंतर कळलं. आत्याचं दार उघडं होतं.

आत्या उंबऱ्याच्या आत पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं. मंगळवारी सकाळी पाय घसरला तेव्हापासून ती तिथेच होती. हाताला लागला तो तांब्या तिनं दोन दिवस पुरवला होता. डोळे उघडे होते. अण्णांनी खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आक्का, मी आलोय." ती म्हणाली, "व्हय. जरा पाणी दे."

बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र निघाली नसती. ऑपरेशन झालं. मी तिलाही सगळं सांगितलं. तिनं नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढंच व्हय? मला वाटलं ज्ञानूला मी नकुशी झाली." त्यावर मात्र मी ढसाढसा रडले.

आणि तिसऱ्या दिवशी, आम्ही कुणीही काही विचारलेलं नसताना, आत्या अण्णांना म्हणाली, "ती टोपलीवाली कोण रं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"कसली टोपलीवाली?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी दुपारपासनं एक बाई दारावरनं जात हुती. डोक्यावर टोपली. खडकाकडनं यायची, बाभळीपतूर जायची अन् माघारी फिरायची. दिवसभर. मी हाका मारल्या. माझ्याकडं बघायची, पर बोलायची न्हाय अन् आत यायची न्हाय."

"ऊसतोडीतली असंल," अण्णा म्हणाले.

"न्हाय. लुगडं न्हवतं तिच्या अंगावर. पांढरं कायतरी गुंडाळल्यालं. तसली चाल मी कुटं बघितली न्हाय. अन् टोपली रिकामी हुती तिची."

मी तिथून उठून बाहेर गेले. बाजारात धान्य पोचत नव्हतं, हे मी अण्णांनाही सांगितलेलं नव्हतं.

नंतर कधीतरी आत्या मला म्हणाली, "पयल्यांदा मला राग आला तिचा. आत का येत न्हाय म्हणून. मग वाटलं, असू दे. जवर ही दारावरनं जातीय तवर मी हाय." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, भाजी निवडता निवडता.

अण्णांनी आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांवर विचारलं. ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, जाऊन मुकादमाला विचारलं. त्या बाजूला त्या आठवड्यात तोडच नव्हती, कुणीच गेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ताप आणि तहान, माणसाला काहीही दिसतं. बरोबर आहे. पण माझ्या पडद्यावरचंच का दिसावं?

घरी आल्यावर अण्णांनी मला गेम लावायला लावला. रस्ता होता, खडक होता, दोन झाडं होती. झोपडी रिकामी होती. बाई नव्हती. अण्णा म्हणाले, "बंद कर." मी सीडी मावसभावाला परत दिली. त्याला विचारलं, बाजार पाडल्यावर बाई राहते का कधी? तो म्हणाला, शक्यच नाही, आणि मला वेड्यात काढलं.

आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली, काठी घेऊन, त्याच वस्तीवर. अण्णा दर रविवारी जायचे. दारात एक सूप ठेवलेलं असायचं, त्यात ज्वारी. चिमण्या खायच्या, ती पुन्हा भरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आली तर रिकामी जायला नको."

ती गेली तेव्हा दुपारची वेळ होती आणि घर माणसांनी भरलेलं होतं. सगळी भावकी आली होती. अण्णा उशाशी, मी पायाशी. दारात चार-पाच जण उभे होते. आत्यानं डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "दारातनं जरा सरका. तिला आत बघू द्या."

लोक सरकले. दाराकडे माझी पाठ होती, आणि मी वळून बघितलं नाही. मला खरंच भीती वाटली. त्यामुळे तिथे कुणी होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.