सोफ्यावर बसायचे पाच हजार

"सोफ्यावर बसायला पाच हजार? विहीणबाई, तेवढ्यात मी अख्खा सोफा इकत आणीन, आन् त्यावर तुमाला बसवून तुमच्या पणदऱ्यापर्यंत वाजतगाजत सोडीन."

"सोडा की. तुमाला बाकडंच गोड लागतं, त्याला आमी काय करायचं?"

"बाकड्यावरचं माणूस आपला पैसा घेऊन घरी जातं. सोफ्यावरचं नुसतं ठंडा पिऊन जातं."

"आजी, जरा हळू," मॅनेजरसाहेब म्हणाले. साहेब पुण्याचे, नवीन आलेले. आमचं हे हळूच चाललं होतं, हे त्यांना कळायला पुढं सहा महिने लागले.

तर हे भांडण बारामतीच्या आमच्या बँकेत, बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत चाललेलं. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला माझी नात नंदा हिची सासू. मधे नंदाचा नवरा सुनील, जो मला पण "व्हय" म्हणत होता आणि आईला पण "व्हय" म्हणत होता. नंदाच्या लग्नाला दीड महिना झालेला. लग्नाआधी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवून तिनं आपल्या पासबुकात पाच हजार दोनशे रुपये जमवलेले. ते उचलून 'शुभमंगल सोनेरी खात्या'त टाकायचे, असं विहीणबाईंचं म्हणणं. टाकायचे नाहीत, असं माझं.

सोनेरी खातं म्हणजे बँकेनं नव्या जोडप्यांसाठी काढलेली टूम. पाच हजार कायम शिल्लक ठेवायचे. त्यातला एक रुपया जरी काढला तरी सोनेरीपण गेलं. त्याबदल्यात सोनेरी कव्हराचं पासबुक, रांग नाही, पितळी टोकन नाही, बसायला वेगळी खोली, खोलीत सोफा, हातात ठंड्याची बाटली, आणि जाताना भिंतीवरचं घड्याळ. नव्वद सालानंतर लोकांना घरोघरी टीव्ही आला तसा सोफ्याचा सोस पण आला, त्यातलीच ही गोष्ट.

भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण बँकेतला एक किस्सा काढला की बाकीचे आपोआप येतात. कॅलेंडरमागं लग्नपत्रिका खोचतो ना आपण, त्यातली एक ओढावी आणि सगळा गठ्ठा अंगावर यावा, तसं.

* * *

आधी मी बँकेत काय करत होते ते सांगते, नाहीतर म्हणाल ही म्हातारी तिथं कशाला.

मी दाराजवळच्या बाकड्यावर बसून लोकांच्या स्लिपा भरून द्यायची. फुकट. चहा दिला तर घ्यायची, नाही दिला तर लक्षात ठेवायची.

शाळा मी बघितली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती बारामतीच्या एसटी स्टँडवर. 'इंदापूर'वरून इ. 'भिगवण'वरून भ. आमच्या 'पिंपळी'वरून ळ. आणि 'येथे थुंकू नये'वरून थ. कंडक्टरला वाटायचं बाई गाडीसाठी उभी आहे. बाई अभ्यासाला उभी असायची.

एकदा बँकेतला एक कारकून, चांगला ग्रॅज्युएट, स्लिप घेऊन बाकड्यापाशी आला. अक्षरी रकमेत 'एकोणऐंशी' कसं लिहायचं ते त्याला आठवेना. मी लिहून दिलं. तो बघतच राहिला.

"मावशी, तुमचं शिक्षण किती झालं?"

म्हटलं, "दोन फलाट."

* * *

सोनेरी खात्याची पहिली जोडी आली ती इंदापूरकडची. नवरी मुलगी डोईवर पदर घेऊन, शेजारी सासू, नवरा बाहेर मोटारसायकलला टेकलेला.

कारकुनानं फॉर्म पुढं ओढला. "पतीचं नाव?"

मुलगी गप्प.

"पतीचं नाव काय, ताई?"

मुलगी सासूकडं बघायला लागली. नवऱ्याचं नाव सासूसमोर घ्यायचं म्हणजे काय, हे त्या कारकुनाच्या डोक्यातच येईना. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मागं रांग तुंबली. शेवटी आमचे गफूरभाई पुढं आले. गफूरभाई म्हणजे बँकेचे शिपाई, मॅनेजर बदलत राहिले तरी बँक चालायची ती त्यांच्यामुळं. ते म्हणाले, "आवो, पोरीला उखाणा तरी घेऊ द्या. तसं कसं सांगंल?"

मुलीनं एकदा खाकरून घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बँकेच्या दारात बंदुकवाला उभा,
दत्तूरावांचं नाव लिहा, देते मी मुभा."

सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. बंदुकवाल्यानं पण वाजवल्या, बंदूक काखेत धरून.

कारकुनानं नाव लिहिलं आणि विचारलं, "आडनाव?"

ती म्हणाली, "त्याला दुसरा उखाणा लागंल."

* * *

मग एक जोडपं आलं, अंगावरची हळद पण उतरली नव्हती. बरोबर मुलाचे आईवडील. वडील म्हणजे तात्या, आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला शांत माणूस, आता थोडी शेती आणि दोन म्हशी. साहेबांनी चौघांनाही सोफ्यावर बसवलं आणि फॉर्म समजावून द्यायला लागले. जोडीच्या खात्यात एक ओळ असते, इंग्रजीतली. साहेबांनी तिचं मराठी केलं.

"म्हणजे बघा, पैसे दोघांपैकी कुणीही काढू शकेल. किंवा जो मागं राहील तो."

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली. "मागं राहील म्हंजे?"

"म्हणजे दोघांपैकी एखादा गेला तर..."

"कुठं गेला तर?"

साहेबांनी बोट वर केलं.

त्या बाईनं तिथंच मुलाची आणि सुनेची दृष्ट काढायला घेतली. बँकेत मीठ-मोहऱ्या कुठून आणणार? तिनं ठंड्याच्या बाटलीनंच ओवाळली. "आज हळद लागली आन् ह्यो बाबा तेराव्याचं बोलतोय," म्हणून तिचा आवाज पार कॅशच्या खिडकीपर्यंत. साहेबांचा चेहरा पांढरा झालेला.

तात्या मात्र सगळं नीट विचार करून ऐकत होते. बायको थांबल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

"साहेब, दोघंबी मागं राहत्यात, असं एखादं खातं न्हाय का?"

साहेब म्हणाले, "आहे तात्या, पण त्याला व्याज कमी."

तात्या म्हणाले, "चालंल."

* * *

आता कुणी म्हणेल, ही म्हातारी सोनेरी खात्याच्या मागंच लागलीय. तसं नाही. एका जोडीचे पैसे त्यात पुरेपूर वसूल झालेले मी डोळ्यांनी बघितलेत.

भवानीनगरचं जोडपं. मुलगा कारखान्यात कामाला. घरात अकरा माणसं आणि दोन खोल्या. त्यात एक आजोबा असे की ज्यांना झोपच येत नाही. ही दोघं कारखान्याच्या दर सुट्टीच्या दिवशी साडेदहाला बँकेत हजर. "शिल्लक बघायला आलोय," म्हणायची आणि सोफ्याच्या खोलीत जाऊन बसायची. तासभर. दोघांत एक ठंडा, दोन नळ्या. काय बोलायची कुणास ठाऊक, पण बाहेर हसण्याचा आवाज यायचा.

साहेबांनी एकदा विचारलं, "यांची शिल्लक बघायला एवढा वेळ का लागतो?"

गफूरभाई दारात स्टूल टाकून बसलेले. म्हणाले, "साहेब, नवं खातं हाय. मिळवणी चाललीय."

कुणी मधे जायला लागलं तर गफूरभाई अडवायचे, "आत हिशेब चाललाय."

वर्ष-सव्वा वर्षानं ती दोघं आली ती टोपरं घातलेलं बाळ घेऊन. गफूरभाईंनी बाळाला उचललं, कारकुनाच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाले,

"घ्या. व्याज जमा करा."

म्हणून मला कुणी विचारलं, नव्या जोडप्याला सोनेरी खातं परवडतं का, तर मी सांगते, ज्यांना घरात बसायला जागा नाही त्यांना परवडतं. ज्यांच्या घरात जागा आहे त्यांनी साधं खातं काढावं, टोकन घ्यावं, आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसावं.

* * *

आता माझं आणि विहीणबाईंचं का जमत नाही, ते. त्यात माझी काही चूक नाही.

नंदाचं लग्न झालं तेव्हा पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर पणदऱ्याला मी गेले. नवी नवरी, तिच्यासोबत माहेरचं माणूस हवं. तिथं रीतीप्रमाणं नाव बदलायचं ठरलं. परातीत तांदूळ पसरले, सुनीलनं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं. सगळे वाकून बघायला लागले. मी पण वाकले.

'लक्षमी'.

लक्ष्मी नाही. लक्षमी. क्ष अख्खाच्या अख्खा. आता एसटी स्टँडवर उन्हात उभं राहून ज्यानं अक्षर मिळवलंय, त्याला हे बघवत नाही. मी बोट घातलं, क्ष अर्धा केला आणि म जोडून दिला. भरल्या घरात.

विहीणबाई लाल झाल्या. "आमच्यात असंच लिवत्यात."

मी म्हणाले, "म्हणूनच तुमच्यात ती टिकत न्हाय."

त्या दिवशी मला जेवताना पुरणपोळी वाढली, तूप नाही वाढलं.

* * *

आता परत बँकेत चला.

विहीणबाईंना सोनेरी खातं कशाला हवं होतं, तर त्यांच्या जावेच्या सुनेनं ते काढलं होतं. जावेच्या भिंतीवर बँकेचं घड्याळ आलं होतं. त्यामुळं विहीणबाईंना स्वतःच्या घरात वेळच कळेनाशी झाली होती.

आणि मला काय हवं होतं, ते पण सांगते, लपवत नाही. नंदाचे पाच हजार मला दामदुप्पट ठेवीत टाकायचे होते. माझ्याजवळ त्याचा फॉर्म भरून तयार होता, पिशवीत, घडी घालून. नंदानं मला लग्नाआधी दोनदा आणि लग्नानंतर एकदा सांगितलं होतं, "आजी, मला पिको-फॉलचं मशिन घ्यायचंय. पणदऱ्यात कुणाकडंच न्हाय. बायका साड्या घेऊन बारामतीला येत्यात." मी तिला म्हणाले होते, "आधी दामदुप्पट, मग मशिन." ती गप्प बसली. मला वाटलं, पटलं.

साहेबांनी सोनेरी फॉर्म पुढं केला. त्यावर सुनीलनं घरूनच नाव लिहून आणलेलं. 'सौ. लक्ष्मी'. यावेळी बरोबर लिहिलं होतं, ते मला मान्य करावं लागलं.

साहेब म्हणाले, "एवढं ठीक आहे. आता जुन्या खात्यातून पैसे काढायची स्लिप तेवढी भरा. जुनं खातं नंदा या नावावर आहे."

विहीणबाई म्हणाल्या, "भरा की विहीणबाई. साऱ्या गावाच्या भरता."

"साऱ्या गावाच्या भरीन. ही न्हाय."

"मग आमी काय पैसं घेऊन पळून चाललोय व्हय?"

"सोफा कुठं पळतोय? पैसे त्याच्याखाली अडकत्यात."

"आमच्या सुनेचं आमी बघू."

"माझ्या नातीचं मी बघीन."

"सुनील, तू सांग."

"व्हय," सुनील म्हणाला.

इथं मी ते सोफा इकत आणायचं बोलले, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. साहेबांनी "आजी, जरा हळू" म्हटलं. रांग मोडून लोक आमच्याभोवती गोळा झाले. गफूरभाईंनी दोघींना पाणी आणून दिलं, कारण त्यांना माहीत होतं हे अजून चालणार.

पाणी पिताना माझं लक्ष गेलं, नंदा शेजारी नव्हती.

ती कॅशच्या खिडकीपाशी होती. माझ्या बाकड्यावरच्या गठ्ठ्यातली एक स्लिप तिनं घेतली होती, स्वतः भरली होती, टोकन घेतलं होतं. रांग आमच्याकडं आल्यामुळं तिचा नंबर लगेच लागला. आत्ता ती नोटा रुमालात गुंडाळत होती.

साहेबांना वाटलं, काम झालं. ते सोफ्याच्या खोलीच्या दारात ठंड्याची बाटली घेऊन उभे राहिले. "लक्ष्मीताई, या, आत बसा. सही तेवढी राहिलीय."

नंदानं वळून पण बघितलं नाही.

"लक्ष्मीताई?"

"अगं लक्ष्मी," विहीणबाई म्हणाल्या, "साहेब बोलावत्यात, ऐकू येत न्हाय व्हय?"

"नंदा," मी पिशवीतनं फॉर्म काढत म्हणाले, "हिकडं ये आधी. दामदुप्पटचं मी भरून ठिवलंय."

तिनं रुमाल पिशवीत ठेवला. डोईवरचा पदर नीट केला. सुनीलला म्हणाली, "सायकल काढा." सुनील "व्हय" म्हणाला आणि खरंच गेला. मग ती आमच्या दोघींपुढं येऊन उभी राहिली, आधी सासूच्या पाया पडली, मग माझ्या, आणि अगदी हळू आवाजात, साहेबांना आवडला असता अशा आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, लक्ष्मी आली की तिला सोफ्यावर बसवा, आन् आजी, तू तिचं दामदुप्पट कर, हे पैसं नंदाचं हायत, आन् नंदा मशिन आणाया चाललीय."